सायगाव सहकुटुंब: कुठे बसलो, काय खाल्लं

आमच्या टेबलावर पाच जण बसतात. सासूबाई पूर्ण शाकाहारी, अंडंही चालत नाही. नवऱ्याला समुद्रातलं काहीही चालतं. मी कोंबडीपर्यंत. अकरा वर्षांच्या ईराला रोज काहीतरी नवीन हवं असतं आणि पाच वर्षांचा निषाद भात, काकडी आणि शेवया यांपलीकडे जात नाही. बीफ घरात कोणीच खात नाही. हा ताफा घेऊन व्हिएतनामला निघालोय म्हटल्यावर निम्म्या नातेवाइकांनी थेपले किती दिवस टिकतात यावर मार्गदर्शन केलं.

२०२५ च्या मे महिन्यात हो ची मिन्ह सिटीला जाऊन आलो. हे नाव १९७६ चं. तिथले लोक बोलताना अजून सायगावच म्हणतात, म्हणून मीही तेच लिहिते. ई-व्हिसा २५ डॉलरमध्ये घरबसल्या झाला, विमान मुंबईहून थेट मिळालं. बाकी काय पाहिलं ते सगळीकडे वाचायला मिळेल. परत आल्यापासून मला सगळे एकच विचारताहेत, की आजी आणि लहान मूल घेऊन तिथे निवांत बसून जेवता येतं का. त्यामुळे हे लिखाण जेवणाचंच.

रविवार

रात्रीच्या विमानाने सकाळी उतरलो. घड्याळ दीड तास पुढे, सगळ्यांच्या डोळ्यांवर झोप. मुंबईकराने दमट हवेची तक्रार करू नये, पण मे महिन्यातलं सायगाव खरोखर अंगाला चिकटतं. हॉटेल बेन थान्ह मार्केटपासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं. सामान टाकलं आणि पाश्चर रस्त्यावरच्या न्या हांग न्गॉन या रेस्टॉरंटला गेलो.

पहिलं जेवण तिथेच घ्यायचं हे मी मुंबईतूनच ठरवलं होतं, आणि पहिल्यांदा जाणाऱ्या कुठल्याही कुटुंबाला मी तेच सुचवीन. फ्रेंच धाटणीचा जुना बंगला, झाडांचं अंगण आणि कडेने मांडलेल्या चुली. प्रत्येक चुलीवर एखादाच पदार्थ. रस्त्यावर मिळतं तेच खाणं, पण डोक्यावर छप्पर, बसायला पाठ असलेली खुर्ची आणि स्वच्छ बाथरूम. लहान मूल घेऊन फिरणाऱ्यांना यातलं शेवटचं किती मोलाचं वाटतं, ते त्यांनाच विचारा.

ईराने आजीचा हात धरून सगळ्या चुलींसमोर फेरी मारली. एके ठिकाणी तांदळाचं पातळ पीठ ताणलेल्या फडक्यावर पसरून वाफवत होते आणि तयार झालेला पापुद्रा बांबूच्या पट्टीने उचलत होते. पलीकडे विड्याच्या पानाच्या कुळातल्या एका पानात मांस गुंडाळून निखाऱ्यांवर भाजत होते. सासूबाई तिथून भराभर पुढे गेल्या, पापुद्र्यापाशी मात्र बराच वेळ उभ्या राहिल्या. नावं उच्चारायची गरज पडत नाही. मेन्यूत फोटो असतात आणि बोट दाखवलेलं चालतं.

त्यांच्यासाठी शाकाहारी गॉय कुऑन मागवले. तांदळाच्या पारदर्शक पापुद्र्यात शेवया, टोफू, कोवळी पानं गुंडाळलेली गार गुंडाळी, सोबत शेंगदाण्याची दाट चटणी. पहिला घास घेण्याआधी त्यांनी चटणीचा वास घेतला. वाढणाऱ्या मुलीच्या ते लक्षात आलं. ती काही न बोलता आत गेली, विचारून आली आणि दोन्ही हातांनी 'नाही, नाही' अशी खूण केली.

हे 'नाही' होतं न्यूक मामबद्दल. न्यूक माम म्हणजे अँचोव्हीसारखे छोटे मासे मिठात महिनोन् महिने मुरवून काढलेला रस. तिथल्या स्वयंपाकाला मीठच त्याचं लागतं. त्यामुळे मेन्यूतल्या भाज्यांच्या पानावर बोट ठेवलं म्हणजे शाकाहारी जेवण मिळालं असं होत नाही. लसणावर परतलेली साधी रौ मुओंग, म्हणजे कलमीची भाजी, हीसुद्धा बऱ्याचदा न्यूक माम किंवा ऑयस्टर सॉस घालून येते. 'आन चाय' एवढं म्हणता आलं पाहिजे: मी शाकाहारी जेवतो. पाटीवर 'चाय' हा शब्द असला तर ते सबंध ठिकाणच बहुधा शाकाहारी. मांसाहाऱ्यांनी लक्षात ठेवायचे शब्द तीन. 'बॉ' म्हणजे बीफ, 'गा' म्हणजे कोंबडी, 'हेओ' म्हणजे डुक्कर.

संध्याकाळी न्गुएन ह्यूच्या पादचारी रस्त्यावर अख्खं शहर फिरायला आलं होतं. नारळाच्या करवंटीतलं आइस्क्रीम खाल्लं आणि आठच्या आत सगळे झोपले.

सोमवार

बुद्धपौर्णिमा. व्हिएतनाममध्ये बुद्धजयंती चांद्र चौथ्या महिन्याच्या पंधराव्या तिथीला असते आणि त्या वर्षी ती आपल्या पौर्णिमेच्याच दिवशी आली. आम्ही पोचण्याच्या काही दिवस आधीच शहरात संयुक्त राष्ट्रांचा वेसाक, म्हणजे बुद्धजयंतीचा, सोहळा झाला होता आणि त्यासाठी सारनाथहून बुद्धांचे पवित्र अवशेष आले होते. हॉटेलच्या काउंटरवरच्या बाईंनी आम्ही भारतातले आहोत कळल्यावर पहिली हीच गोष्ट सांगितली, मग सासूबाईंना हात जोडले.

सकाळी व्हिन्ह न्गिएम पॅगोडात गेलो. पंचरंगी बौद्ध पताका, कमळाच्या आकाराचे कंदील, उदबत्तीचा धूर, आणि राखाडी झगे घातलेल्या आज्यांची गर्दी. तिथून जवळच्याच एका शाकाहारी खानावळीत शिरलो. एकही टेबल रिकामं नव्हतं. पंधरावी आणि पहिली या दोन चांद्र तिथींना एरवी मांसाहार करणारे कितीतरी लोक शाकाहार पाळतात, त्यात ही तर बुद्धजयंती. एका मोठ्या गोल टेबलावर तीन पिढ्यांचं एक कुटुंब जेवत होतं. त्यांच्यातल्या आजींनी आमच्या आजींकडे पाहिलं, नातवंडांना सरकवलं आणि आम्हाला खुणेनेच बसवून घेतलं.

आणि मग मासा आला. चांगला हातभर लांब, खवलं, शेपूट, वरून आलं आणि मिरची. सासूबाई ताट बाजूला सारून उठायच्याच बेतात होत्या. त्या आजींच्या ध्यानात आलं. त्यांनी काड्यांनी माशाचं पोट उघडलं, आतला टोफू दाखवला, मग पाठीचा एक तुकडा तोडून 'खवलं' म्हणजे समुद्री शेवाळाची पट्टी आहे हे उलगडून दाखवलं. स्वतः खाल्लं. मग नवा तुकडा सासूबाईंच्या वाटीत ठेवला. त्यांनी तो खाल्ला, पण डोळे मिटून. 'चव चांगली आहे, सोंग कशाला पाहिजे?' हा त्यांचा शेरा मी भाषांतर करून सांगितला नाही.

सोयाबीन आणि गव्हाच्या ग्लुटेनपासून केलेले असे मासे, कोळंबी, कोंबडीची तंगडी तिथल्या शाकाहारी खानावळीत सर्रास मिळतात. ज्यांना दिसण्याचाही त्रास होतो त्यांनी टोफू, मशरूम आणि भाज्यांच्या पदार्थांकडे वळावं. दुसरी बाब आपल्याकडच्या अनेक घरांना सोयीची: जुन्या वळणाच्या बौद्ध खानावळी कांदा-लसूणही वापरत नाहीत. नव्या, देखण्या शाकाहारी रेस्टॉरंटांत मात्र ते असतं, कधी अंडंही असतं; तिथे विचारून घ्या.

निघताना आमच्या जेवणाचं बिल त्या आजींच्या मुलाने परस्पर देऊन टाकल्याचं कळलं. आम्ही बरंच 'नको नको' केलं. शेवटी ईराने तिच्या बॅगेतली तिळाची चिक्की त्यांच्या नातीला दिली आणि तो विषय तिथे मिटला.

मंगळवार

दुपारी युद्धाचं संग्रहालय. निषादला आत नेलं नाही. मी आणि तो बाहेर रणगाड्यांभोवती फिरलो. लहान मुलांना आतली छायाचित्रं दाखवू नका एवढंच सांगते.

चार वाजता आभाळ फुटलं. मे महिन्यात तिथे पावसाळा सुरू होतो आणि बहुतेक दिवस दुपारनंतर तासभर धोधो पडतो. पावसाचा जोर ओसरल्यावर दिन्ह काँग त्रांग रस्त्यावरच्या '४६ ए'ला बान्ह सेओ खायला गेलो. सासूबाईंनी हॉटेलवर दशमी आणि लसणाची चटणी खाऊन घेतली होती, त्या फक्त बघायला आल्या. पण बघण्यासारखं होतंच. रस्त्याच्या कडेला कोळशाच्या शेगड्यांची रांग, त्यांवर मोठाले तवे, आणि एकाच वेळी सगळे तवे सांभाळणाऱ्या बायका. तांदळाचं पीठ, नारळाचं दूध, हळद. तव्यावर पडताच चर्रर्र. वर कोळंबी, डुकराचं मांस, मोड आलेले मूग. मग अर्धी घडी. दिसायला हे आपलं घावनच, फक्त पिवळंधमक आणि कडेला जाळीदार कुरकुरीत.

खाण्याची रीत वेगळी. मोहरीचं मोठं तिखट पान हातात घ्यायचं, त्यात लेट्यूस, पुदिना, तुळशीच्या जातीची पानं, त्यावर बान्ह सेओचा तुकडा, सगळं गुंडाळून गोडसर न्यूक माममध्ये बुडवायचं. आमच्या टेबलावर पानांचा ढीगच येऊन पडला. नवऱ्याला दोन्ही हातांनी खाताना मी खूप दिवसांनी पाहिलं. माझ्यासाठी आणि मुलांसाठी मांस न घालता फक्त कोळंबीचा करून मिळाला. मी कोळंबी वेचून नवऱ्याच्या ताटात टाकली. निषादने कुरकुरीत कडा तेवढ्या मोडून खाल्ल्या, मधला भाग बापाकडे सरकवला. सासूबाईंनी पानांच्या ढिगातली चार ओळखली, दोन ओळखता येईनात म्हणून चुरगाळून वास घेतला.

मला तिथल्या जेवणात सगळ्यात आवडलं ते हेच. ताट कोणी आखून देत नाही. सगळं मध्ये येतं आणि जो तो आपला घास आपण बांधतो. जे मूल काहीच खात नाही तेही काहीतरी उचलून खातं, आणि कोणी 'हे संपव' म्हणत नाही. मुलांसाठी वेगळा मेन्यू बहुतेक ठिकाणी नसतोच. मला त्याची उणीव जाणवली नाही. आपल्याकडच्या मुलांच्या मेन्यूत फ्रेंच फ्राइजशिवाय असतं तरी काय?

पैशांचं इथेच सांगते. आम्ही गेलो तेव्हा रुपयाला साधारण ३०० डाँग पडत होते. किमतीतली शेवटची तीन शून्यं झाकायची, उरलेल्याला तीनने गुणायचं आणि वर थोडे धरायचे. २०,००० आणि ५,००,००० च्या नोटा दोन्ही निळसर असतात. संध्याकाळच्या उजेडात नीट पाहून द्या. टेबलावर आधीच मांडलेला पाकीटबंद ओला रुमाल बऱ्याच ठिकाणी फुकट नसतो, फोडला की बिलात येतो. रक्कम किरकोळ असते, पण निषादने एका बैठकीत पाच फोडले.

बुधवार

मेट्रोची पहिली लाइन २२ डिसेंबर २०२४ ला सुरू झाली. बेन थान्हपासून सुओई तिएनपर्यंत १९.७ किलोमीटर, १४ स्टेशनं. सुरुवात जमिनीखालून होते, मग गाडी वर येते आणि सायगाव नदी ओलांडते. मुलांसाठी ही स्वतंत्र सहलच. आम्ही थाओ डिएनला उतरलो. हा भाग परदेशी कुटुंबांचा, त्यामुळे खेळायच्या जागा असलेली रेस्टॉरंटं इथे भरपूर.

नदीच्या बाजूला एक बागेतलं रेस्टॉरंट सापडलं. झोपाळा, वाळूचा हौद, माशांचं डबकं. आठवड्याच्या मधली दुपार असल्याने आम्ही आणि आणखी एकच टेबल होतं. शनिवार-रविवारी आधी सांगून ठेवल्याशिवाय जागा मिळत नाही म्हणे. जेवण येईपर्यंत वाढणाऱ्या दोन मुली निषादसोबत वाळूत बसून किल्ला करत होत्या. त्यांना ते काम सांगितलेलं नव्हतं. असं रोज कुठे ना कुठे झालं. कोणी त्याला उचलून मांजर दाखवायला नेलं, कोणी गालाला हात लावला. गालाचा त्याला कंटाळा आला, मांजराचा नाही.

दक्षिणेकडचं घरगुती जेवण म्हणजे भात, कान्ह चुआ आणि का खो तो. कान्ह चुआ हे चिंचेचं आंबट-गोड सार: अननस, टोमॅटो, भेंडी, मोड आणि अळूच्या कुळातल्या एका झाडाचे जाड, सच्छिद्र देठ. एरवी त्यात मासा असतो. आम्ही एक मोठं भांडं टोफूचं मागवलं, आणि तेही न्यूक माम न घालता. सासूबाईंनी देठ चमच्यात धरून उजेडात पाहिला आणि 'घसा खवखवत नाही ना?' विचारलं. खवखवला नाही. मग त्यांनी दोन वाट्या भातावर ओतून घेतल्या. का खो तो म्हणजे मातीच्या भांड्यात जळक्या साखरेच्या रसात आटवलेला मासा. तो नवऱ्याने आणि ईराने मिळून संपवला. गोड मासा मला काही झेपला नाही.

गुरुवार

ली चिन्ह थांग रस्त्यावर ७ नंबरला फो बिन्ह नावाचं साधंसं दुकान आहे. फो म्हणजे बीफच्या किंवा कोंबडीच्या रश्श्यातल्या तांदळाच्या शेवया. व्हिएतनाम युद्धात १९६८ च्या टेट, म्हणजे तिथल्या नववर्षाच्या, सणात झालेल्या हल्ल्याच्या वेळी वरच्या मजल्यावर व्हिएत काँग या कम्युनिस्ट गनिमांच्या 'एफ-१००' या गुप्त तुकडीचं केंद्र होतं. मालक न्गो तोआय खाली फो विकायचे आणि वर सायगाववरच्या हल्ल्याचे बेत शिजायचे. वरची खोली पाहता येते: टेबल, जुनी छायाचित्रं. ईराला संग्रहालयापेक्षा ही खोली जास्त आवडली. 'म्हणजे खाली लोक जेवत होते आणि त्यांना काहीच माहीत नव्हतं?' हे ती दिवसभर विचारत होती. बीफ खात नसल्याने आम्ही तिथे फक्त कॉफी घेतली, बर्फ आणि कंडेन्स्ड मिल्क घातलेली. सकाळी सात वाजता त्या कॉफीने जे डोळे उघडले ते रात्री अकरापर्यंत मिटले नाहीत.

कोंबडीचा फो मग जवळच्या एका गल्लीत खाल्ला. घराच्या पुढच्या खोलीतलं दुकान, सहा टेबलं. फो खरा उत्तरेकडचा, पण सायगावात त्याच्यासोबत पानांची थाळी येते: तुळशीच्या जातीची पानं, लांब दातेरी कोथिंबीर, मोड, लिंबू, मिरची. यातलं किती घालायचं ते आपल्यावर. निषादसाठी 'नुसत्या शेवया' असं हातवारे करून सांगितलं. दुकानातल्या आजी छोटी वाटी आणि कात्री घेऊन आल्या आणि शेवया कापून दिल्या. तेव्हापासून कात्री आमच्या सामानात कायमची आली. सासूबाईंनी तिथे नारळपाणी घेतलं. शाकाहारी फो वेगळा मिळतो, पण त्यासाठी चाय खानावळ गाठावी लागते.

छोट्या दुकानांत उंच पाळणाखुर्ची मिळत नाही, प्लास्टिकची बुटकी स्टुलं असतात. मुलांना ती फार आवडतात. गुडघे दुखणाऱ्यांसाठी पाठीची खुर्ची मागा, आतून आणून देतात. आणि वेळा सांभाळा. दुपारचं जेवण अकरा ते एक, रात्रीचं सहापासून. अडीच वाजता भूक लागली तर मॉलशिवाय पर्याय कमी.

मिशेलिनची निवडक रेस्टॉरंटांची यादी सायगावला जून २०२३ पासून लागू झाली आहे. आम्ही ती बाजूला ठेवली. रांगेत पाऊण तास उभं राहणारं पाच वर्षांचं मूल मी अजून पाहिलेलं नाही.

शुक्रवार

संकष्टी. सासूबाईंचा उपवास परदेशातही मोडत नाही हे मला लग्न झाल्यापासून माहीत आहे, त्यामुळे राजगिऱ्याचे लाडू सोबत होते. पण सकाळी त्रुओंग दिन्ह रस्त्यावरच्या मरिअम्मन देवळातून निघालो, पावलं बेन थान्ह मार्केटात वळली आणि तिथल्या गोडाच्या गाड्यावर त्या थबकल्या. (हे देऊळ तमिळ व्यापाऱ्यांनी बांधलेलं. आज तिथे हात जोडणारे बहुतेक व्हिएतनामीच दिसतात.) पातेल्यात होतं चे चुओई: केळी, नारळाचं दूध, साबुदाणा, वर भाजलेल्या शेंगदाण्याचं कूट. चारही जिन्नस उपवासाचे. त्यांनी एकेकाकडे बोट दाखवून खात्री केली, तीळ घालू दिले नाहीत, आणि स्टुलावर बसून दोन वाट्या खाल्ल्या. दुसरी वाटी मी मागवलेली नव्हती. शेजारच्या पातेल्यातल्या रताळ्याच्या गोडात मुगाची डाळ होती, म्हणून ती बाद.

खरी पंचाईत रात्री. पंचांगातला चंद्रोदय मुंबईचा, रात्री बराच उशिराचा. सायगावचा सव्वानऊच्या सुमारास. नवऱ्याचं म्हणणं घरची वेळ पाळावी, ईराचं म्हणणं चंद्र एकच आहे. सासूबाईंनी निकाल दिला: 'पोट इथे आहे, चंद्रही इथलाच.' पण तिथली स्वयंपाकघरं साडेनऊ-दहाला आवरतात. म्हणून संध्याकाळीच हॉटेलजवळच्या चाय खानावळीत जाऊन सांगून आलो. फोनच्या अनुवादावर 'चंद्र उगवल्यावर जेवणार' हे वाचून तिथल्या बाई हसल्या नाहीत, त्यांनी वेळ लिहून घेतली. साडेनऊला पोचलो तेव्हा बाकीच्या खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवल्या होत्या आणि आमच्या टेबलावर भात, टोमॅटोच्या रश्श्यातला टोफू, मिरी घालून आटवलेले मशरूम आणि कलमीची भाजी वाफाळत होती. ढगांमुळे चंद्र कोणालाच दिसला नाही.

आणखी एक. १ जुलै २०२५ पासून शहरातले डिस्ट्रिक्ट रद्द होऊन फक्त वॉर्ड उरले आहेत. जुन्या लेखांत 'डिस्ट्रिक्ट १', 'डिस्ट्रिक्ट ३' असं असेल. रस्ता आणि घरनंबर तेच असल्याने टॅक्सीच्या ॲपमध्ये तेवढं टाकलं तरी पुरतं. पाच जणांनी सात सीटची गाडी मागवावी.

शनिवार

विमान दुपारचं. सकाळी काओ थांग रस्त्यावरच्या होआ मा या १९५८ पासूनच्या दुकानात नाश्ता. दुकान चिमुकलं, गिऱ्हाईक बाजूच्या गल्लीत भिंतीला लागून स्टुलांवर. छोट्या तव्यातच अंडी, कांदा, मांसाचे काप चुरचुरत येतात आणि बाजूला गरम पाव. आम्ही नुसती अंडी सांगितली. सासूबाईंनी उरलेला थेपला कागदातून काढला आणि लोणच्याच्या काकडी-गाजराबरोबर खाल्ला. शेजारच्या आजोबांना अर्धा दिला, त्यांनी तो अंड्यात बुडवला.

निषादने पहिल्यांदाच पिवळा बलक पावाला लावून खाल्ला आणि दुसरा तवा मागितला. तेवढ्यात गाडी गल्लीच्या तोंडाशी आली. ड्रायव्हरने काच खाली करून आमच्याकडे पाहिलं, मग तव्याकडे, आणि खाली उतरून स्वतःसाठीही एक पाव सांगितला.